पाच मिनिटांचं व्यासपीठ, दोन दिवसांचा स्टॉल: चार जणांच्या एका कंपनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कंपनी चार जणांची. दोन फाउंडर: एक विक्री आणि पैशांचं पाहणारा, दुसरी हार्डवेअर बनवणारी. सोबत सॉफ्टवेअर सांभाळणारा एक इंजिनिअर आणि कारखान्यांत जाऊन सेन्सर बसवणारा एक तंत्रज्ञ. ओळख पटू नये म्हणून नावं, गाव आणि स्पर्धेचं नाव गाळलं आहे, काही आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे. मी या कंपनीचा बाहेरचा सल्लागार होतो. म्हणजे पगार नाही, जबाबदारी नावापुरती आणि बोलायची मुभा भरपूर. यातल्या एका चुकीत माझाही वाटा आहे, तो पुढे येईलच.

त्यांचं उत्पादन साधं होतं. कारखान्यातल्या विजेच्या मोटरीवर, बेअरिंगच्या अगदी जवळ, एक छोटा सेन्सर चिकटवायचा. तो कंपनं आणि तापमान मोजतो, मोजमापं ब्लूटूथवरून जवळच्या गेटवेला, म्हणजे ती गोळा करून पुढे पाठवणाऱ्या उपकरणाला, देतो आणि तिथून ती सर्व्हरवर जातात. बेअरिंगच्या कड्याला चरा पडला की त्यावरून जाणारी प्रत्येक गोळी बारीक ठोका देते. हे ठोके कानाला कळण्याच्या बऱ्याच आधी कंपनांच्या आलेखात दिसू लागतात. 50 हर्ट्झच्या विजेवरची चार पोलची मोटर मिनिटाला 1,500 पेक्षा थोडे कमी फेरे घेते. फेऱ्यांचा वेग आणि बेअरिंगची मापं माहीत असली, की ठोका कोणत्या वारंवारतेला उमटेल हे आधीच काढता येतं. यातलं शास्त्र जुनंच आहे. या मंडळींनी ते स्वस्त आणि बसवायला सोपं केलं होतं.

पैसे देणारे कारखाने तीन, सेन्सर बसवलेल्या मोटरी दोनशेच्या थोड्या वर, आणि बँकेत सात महिने पुरेल एवढी शिल्लक. अशा वेळी एका मोठ्या तंत्रज्ञान परिषदेतल्या स्टार्टअप स्पर्धेच्या अंतिम फेरीसाठी निवड झाल्याचा ईमेल आला. व्यासपीठावर पाच मिनिटं बोलायचं, तीन मिनिटं परीक्षकांचे प्रश्न, आणि परिषदेचे दोन्ही दिवस प्रदर्शनाच्या दालनात एक स्टॉल. तयारीला सहा आठवडे.

अडचण

त्याच महिन्यात सगळ्यात मोठ्या ग्राहकाकडे दुसऱ्या टप्प्याचे सेन्सर बसवायचे होते. पण वेळापत्रकापेक्षा अवघड गोष्ट वेगळी होती. तिथे जायचं कशासाठी, यावर दोघा फाउंडरांचं एकमत नव्हतं, आणि ते नाही हेही कोणी उघड बोलत नव्हतं.

विक्री पाहणारा फाउंडर फंडिंगच्या मागे होता. त्याच्याकडे दाखल्यांचा साठा होता. 2007 साली टेकक्रंच 40 या अमेरिकेतल्या स्टार्टअप स्पर्धेत मिंट ही घरखर्चाचा हिशेब ठेवणारी सेवा पहिली आली आणि दोनच वर्षांनी इंट्यूट या सॉफ्टवेअर कंपनीने ती 17 कोटी डॉलरना घेतली, हा त्याचा आवडता. हार्डवेअरवाली फाउंडर ग्राहक शोधत होती, आणि तिच्याकडे उलटा दाखला तयार असे: पुढच्याच वर्षी, टेकक्रंच 50 मध्ये, यॅमर ही कंपन्यांच्या आतल्या संवादाची सेवा जिंकली. इंटरनेटवर फाइली साठवणारी ड्रॉपबॉक्सही त्याच व्यासपीठावर होती, ती हरली. पुढे यॅमर 2012 साली मायक्रोसॉफ्टने घेतली आणि ड्रॉपबॉक्स 2018 साली शेअर बाजारात आली. मग जिंकण्या-हरण्याने नेमकं काय ठरलं? मी मध्ये पडून एवढंच म्हणालो, की ही सगळी तगलेल्यांची उदाहरणं आहेत. त्याच व्यासपीठांवर उभ्या राहून वर्षभरात बंद पडलेल्यांची नावं आपल्यापैकी एकालाही आठवत नाहीत.

वाद तिथेच सोडून आम्ही तयारीला लागलो. ‘परत येताना आपल्या हातात काय असलं म्हणजे जाणं वसूल?’ हा प्रश्न कागदावर लिहिलाच गेला नाही.

समोरचे पर्याय

जायचंच नाही, हा पर्याय पाच मिनिटं टिकला. खरं तर त्याला जास्त वेळ द्यायला हवा होता. प्रवेश फुकट होता, पण प्रवास, राहणं, स्टॉलची मांडणी आणि सामानाची ने-आण धरून खर्च तीन आठवड्यांच्या शिलकीएवढा होता. हातात सात महिने असताना तीन आठवडे म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

दुसरा पर्याय, एकट्या फाउंडरने जाऊन फक्त पिच करायची, म्हणजे व्यासपीठावर पाच मिनिटांत कंपनी मांडायची, आणि स्टॉल सोडून द्यायचा. स्वस्त आणि सुटसुटीत. पण ग्राहक हवे असतील तर ते स्टॉलवरच भेटणार होते, म्हणून तिने तो हाणून पाडला. माझ्या मते बरोबरच केलं.

तिसरा, पूर्ण तयारीनिशी जायचं. तो ठरला. मग कोणी कोणी जायचं? दोन्ही फाउंडर तर हवेतच. व्यासपीठावर चालू यंत्रणा दाखवायची म्हणजे सॉफ्टवेअरवालाही हवा. मागे उरला एकटा तंत्रज्ञ. ‘तिघं जा, दोन दिवसांचाच प्रश्न आहे,’ असं मीच म्हणालो. माझा वाटा तो हाच.

आधी उरकलेली दोन कामं

स्पर्धेच्या अटी एका वकिलाकडून वाचून घेतल्या. काही स्पर्धा बक्षिसाच्या बदल्यात कंपनीचा हिस्सा मागतात, इथे तसं नव्हतं. पिचचं चित्रण मात्र जाहीरपणे प्रसारित होणार होतं.

त्यावरूनच दुसरं काम निघालं, पेटंटचं. सेन्सर चिकटवण्याच्या पट्टीत तिने केलेली एक युक्ती खरोखर नवी होती. युरोपात पेटंटचा अर्ज करण्याआधी शोध जाहीर झाला की तो नवा मानला जात नाही, त्याला अगदी मोजके अपवाद आहेत. अमेरिकेत स्वतःच केलेल्या प्रकटनाला एक वर्षाची सवलत असते, पण त्या भरवशावर राहिलं की बाकीचे बरेच दरवाजे बंद होतात. म्हणून परिषदेच्या अकरा दिवस आधी एक प्राथमिक अर्ज दाखल केला. पॅरिस कराराप्रमाणे पहिल्या अर्जाच्या तारखेपासून बारा महिन्यांत बाकीच्या सदस्य देशांत अर्ज करता येतो आणि अग्रहक्क, म्हणजे शोध आधी कोणाचा हे ठरवणारी तारीख, पहिल्याच अर्जाची राहते. खर्च थोडा, कटकट थोडी, आणि स्टॉलवर पट्टी मोकळेपणी दाखवता आली. सगळ्या प्रकरणात निर्विवाद बरोबर म्हणावा असा हा एकच निर्णय.

डेमोचा निर्णय

मूळ बेत असा होता: व्यासपीठावर छोटी मोटर चालू करायची, तिच्यात खराब बेअरिंग घालायचं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोबाइलवर इशारा येऊ द्यायचा. ऐकायला झकास.

सॉफ्टवेअरवाल्याने शंका काढली. ब्लूटूथ आणि बरंचसं वाय-फाय 2.4 गीगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात चालतं, आणि हजारो फोन असलेल्या सभागृहात त्या पट्ट्याची अवस्था बाजाराच्या दिवशीच्या एसटी स्टँडसारखी होते. त्याने दाखला दिला 2010 सालच्या आयफोन 4 च्या सादरीकरणाचा. स्टीव्ह जॉब्ज यांच्या हातातल्या फोनवर वेब पान उघडेना. सभागृहात 570 वाय-फाय केंद्रं चालू असल्याचं सांगून त्यांना प्रेक्षकांनाच वाय-फाय बंद करायची विनंती करावी लागली होती. त्यांची विनंती सभागृहाने ऐकली. आमची कोण ऐकणार?

म्हणून ठरलं, की व्यासपीठावर आधी चित्रित केलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ दाखवायचा आणि तो चित्रित आहे हे सरळ सांगायचं. स्टॉलवर मोटर खरी चालवायची, पण सेन्सरची जोडणी केबलने करायची. निर्णय उत्तम होता.

पण तो घेतला त्याच क्षणी सॉफ्टवेअरवाल्याने जाण्याचं कारण संपलं होतं. तो चालला होता थेट डेमोसाठी, आणि थेट डेमो आता नव्हताच. तिकिटं काढून झाली होती, तोही खुशीत होता, कोणाच्या मनात पुन्हा विचार करायचं आलं नाही. माझ्याही नाही.

स्लाइडवरचा आकडा

पिचच्या चौथ्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत होतं: ‘95 टक्के अचूकता’. आकडा खोटा नव्हता, जुन्या नोंदींवर चाचणी घेऊनच काढला होता. दुसऱ्या तालमीला सॉफ्टवेअरवाला म्हणाला, ‘हा आकडा बरोबर आहे, पण यातून अर्थ चुकीचा निघतो. कोणी खोदून विचारलं तर अडकू.’ फाउंडर म्हणाला, ‘अरे, पाच मिनिटांत कोण एवढं खोदणार? आणि आकड्याशिवाय स्लाइड ओकीबोकी दिसते.’ स्लाइड राहिली. तालमी एकूण सतरा झाल्या. त्यांतल्या पंधरा बोलण्याच्या वेगावर, हातवाऱ्यांवर आणि शेवटच्या वाक्यावर खर्ची पडल्या. प्रश्नोत्तरांच्या फक्त दोन, आणि त्यांत प्रश्न विचारणारे आम्हीच, म्हणजे घरचेच परीक्षक.

पाच मिनिटं आणि त्यानंतरची तीन

पिच छान झाली. वेळेत संपली, व्हिडिओ चालला, टाळ्या मिळाल्या.

मग तीन परीक्षकांपैकी एका बाईंनी विचारलं, ‘हजार मोटरींपैकी महिन्यात साधारण किती बिघडतात?’ तो म्हणाला, दहाएक. ‘त्या दहातल्या किती तुम्ही पकडता?’ नऊ. ‘आणि चांगल्या 990 मोटरींपैकी किती तुम्ही चुकून बिघडलेल्या ठरवता?’ इथे तो थबकला आणि म्हणाला, पाच टक्के.

बाईंनी तोंडीच हिशेब केला. 990 चे पाच टक्के म्हणजे जवळपास 50. म्हणजे महिन्याला 59 इशारे, त्यांतले खरे 9. मेन्टेनन्सच्या माणसाने सहा-सात मोटरी उघडाव्यात तेव्हा एक बिघडलेली सापडावी. ‘सगळ्या मोटरी उत्तम आहेत असं रोज सांगणारं यंत्र मी उद्या बनवलं तर ते 99 टक्के अचूक ठरेल. मग तुमचे 95 मी कशाला घेऊ? आणि खोट्या इशाऱ्यावर लाइन थांबवली तर त्याचा भुर्दंड कोणी सोसायचा?’

सभागृहात हशा पिकला. बाईंच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो. प्रश्न रास्त होता.

दुर्दैव असं, की त्याला उत्तर होतं. प्रत्यक्षात कंपनी एका इशाऱ्यावर कोणालाही मोटर उघडायला लावत नव्हती. इशारा आला की तंत्रज्ञ आधी हातातल्या उपकरणाने पुन्हा मोजत असे. मग त्या मोटरीवर आठवडाभर नजर ठेवली जाई, आणि चढ दिसला तरच पुढच्या ठरलेल्या बंदच्या दिवशी बेअरिंग बदललं जाई. या चाळणीतून बहुतेक खोटे इशारे गळून पडत. फाउंडरला हे माहीत होतं, पण ते ‘माणसाचं काम’ असल्याने तंत्रज्ञानाच्या स्पर्धेत सांगायला त्याला कमीपणा वाटत होता, म्हणून पिचमध्ये ते नव्हतंच. ऐन वेळी तो अल्गोरिदम सुधारण्याबद्दल बोलत राहिला आणि तीन मिनिटं संपली.

स्टॉलवरचे दोन दिवस

स्टॉलवर दोन सारख्या मोटरी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एकीत चांगलं बेअरिंग, दुसरीत ग्राहकाच्या परवानगीने आणलेलं खरंखुरं झिजलेलं. कानाला दोन्हींचा आवाज सारखाच, पडद्यावरचे आलेख मात्र साफ वेगळे. लोक वाकून कान लावत, चुकीची मोटर दाखवत आणि मग पडद्याकडे बघून हसत. इतकी साधी मांडणी आसपासच्या झगमगीत स्टॉलांपेक्षा जास्त गर्दी खेचत होती. फिरत्या भागांना जाळी हवी हा नियम मात्र प्रदर्शनाच्या पुस्तिकेत होता आणि आम्ही पुस्तिका तीन दिवस आधी वाचली. जाळी आदल्या रात्री घाईघाईत बसवली. (अशी पुस्तिका कोणीच वेळेवर वाचत नाही, असं माझं निरीक्षण आहे.)

पहिला अर्धा दिवस फाउंडर पिचच्या शेवटच्या तालमीत अडकला होता, त्यामुळे स्टॉलवर ती आणि सॉफ्टवेअरवाला. येणारे तीन तऱ्हेचे. विद्यार्थी आणि हौशी लोक सगळ्यात जास्त. मग गुंतवणूकदार, जे दोन मिनिटांत कार्ड देऊन पुढे सरकत. आणि अगदी थोडे, पण कामाचे, म्हणजे कारखान्यांत मेन्टेनन्स पाहणारे. ते स्लाइड वगैरे विचारत नसत. तेलकट पृष्ठभागावर पट्टी टिकते का? मोटर पुन्हा रंगवली तर? सेन्सरची बॅटरी बदलायला मोटर बंद करावी लागते का? ती उत्तरं देत होती, पण अशा अर्ध्या प्रश्नांवर तिच्याही तोंडून ‘ते आमचा तंत्रज्ञ सांगेल’ असंच निघत होतं. तंत्रज्ञ इथे नव्हता.

तिने एक सवय मात्र लावून घेतली होती. कोणी कामाचा माणूस गेला, की लगेच त्याच्या कार्डामागे दोन ओळी लिहायच्या: काय विचारलं, काय कबूल केलं. पुढे उपयोगी पडली ती हीच कार्डं. बाकीच्या शंभरावर लोकांचे फक्त बॅज स्कॅन केलेले होते, आणि घरी आल्यावर त्यांतला एकही चेहरा आठवेना.

तिकडे कार्यालयात

पहिल्या दिवशी सकाळी मोठ्या ग्राहकाकडच्या गेटवेचं सुरक्षा प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं. गेटवे सर्व्हरशी बोलेनासा झाला. पडद्यावर आकडे दिसत होते, पण सकाळचेच, गोठलेले. मुदतीची तारीख सॉफ्टवेअरवाल्याच्या कॅलेंडरमध्ये होती, फक्त त्याच्याच, आणि प्रवासाच्या धांदलीत त्याने ती आठवण पुढे ढकलली होती. ग्राहकाच्या लक्षात आलं दुपारी. त्यांनी तंत्रज्ञाला फोन केला, तंत्रज्ञाने सॉफ्टवेअरवाल्याला. त्याचा फोन सभागृहात सायलेंटवर. पाच तासांनी बोलणं झालं, रात्री हॉटेलच्या खोलीतून दुरुस्ती झाली.

मोटर एकही बिघडली नाही. पण ग्राहकाच्या प्लँट मॅनेजरचं म्हणणं बिनतोड होतं: ‘तुमचं यंत्र झोपलंय हे मी तुम्हाला सांगायचं, की तुम्ही मला?’ दुसऱ्या टप्प्याची ऑर्डर त्यांनी थांबवली. रद्द केली नाही, थांबवली.

परिणाम

स्पर्धेत क्रमांक आला नाही. गुंतवणूकदारांपैकी चौघांशी पुढे बोलणी झाली, चौघांनीही त्या वेळी नकार दिला. दोघांनी कारण म्हणून खोट्या इशाऱ्यांचाच मुद्दा सांगितला. पिचचं चित्रण त्यांनी पाहिलं होतं.

स्टॉलवरच्या ओळखींना पहिला ईमेल गेला अकराव्या दिवशी, कारण परत आल्यावर सगळे ग्राहकाचा राग शांत करण्यात गुंतले होते. पाठीमागे ओळी लिहिलेली कार्डं 23. त्यांतून नऊ भेटी, दोन ठिकाणी चाचणी, आणि पाच महिन्यांनी एक पैसे देणारा ग्राहक. बॅज स्कॅन केलेल्यांना एकच मजकूर पाठवला, त्यातून काहीही निघालं नाही. नवा ग्राहक थांबलेल्या ऑर्डरच्या साधारण निम्म्या आकाराचा. म्हणजे निव्वळ हिशेबाने ही फेरी तोट्यात गेली.

वेगळं काय करता आलं असतं

तिघांनीच जायचं हे ठीक होतं, माणसं चुकली. डेमो केबलवर आणि व्हिडिओवर गेला त्याच संध्याकाळी सॉफ्टवेअरवाल्याच्या जागी तंत्रज्ञाचं नाव घालता आलं असतं. तिकीट बदलण्याचा खर्च किरकोळ होता. तंत्रज्ञ स्टॉलवर असता तर मेन्टेनन्सच्या लोकांना त्यांच्याच भाषेत बोलणारा माणूस मिळाला असता, आणि सॉफ्टवेअरवाला कार्यालयात असता तर गेटवे तासाभरात सुरू झाला असता. आम्ही प्रत्येक निर्णय सुटा घेतला. एक बदलल्यावर त्याला टेकून उभे असलेले बाकीचे कोणी तपासले नाहीत.

फाउंडरचं मत वेगळं आहे. तो म्हणतो, प्रमाणपत्राची मुदत एकाच माणसाच्या कॅलेंडरमध्ये असणं हा खरा दोष, तो माणूस आजारी पडला असता तरी हेच झालं असतं. त्याचं म्हणणं खोडता येत नाही. पण परिषदेच्या आठवड्यात काय काय मुदतीला येतंय याची यादी करायला अर्धा तास पुरला असता, हेही तितकंच खरं.

तालमींबद्दल मी जास्त कडक आहे. सतरापैकी किमान आठ प्रश्नोत्तरांच्या हव्या होत्या, आणि प्रश्न विचारायला एखादा मेन्टेनन्सचा माणूस बोलवायला हवा होता. सध्याच्या तीन ग्राहकांपैकी कोणीही आनंदाने आला असता. खोट्या इशाऱ्यांचा प्रश्न त्याने पहिल्याच मिनिटाला काढला असता, कारण तो त्याला रोज भोगावा लागतो.

जायलाच नको होतं का? तिचं उत्तर ‘नको होतं’ असं आहे, त्याचं ‘जायलाच हवं होतं’. माझं अजून ठरत नाही. त्या परीक्षक बाईंचा हिशेब आम्हाला घरबसल्या कोणी फुकट करून दिला नसता, हे खरं. पण तोच मुद्दा आमच्याच माणसाने दुसऱ्या तालमीला मांडला होता, आणि त्यासाठी तीन आठवड्यांची शिल्लक घालवायची गरज नव्हती.

चौथी स्लाइड आता बदलली आहे. तिच्यावर मोठा आकडा नाही, तीन ओळी आहेत: हजार मोटरींमागे महिन्याला इशारे किती, पुन्हा मोजल्यावर उरले किती, उघडल्यावर खरे निघाले किती. तिसरी ओळ दर महिन्याला तंत्रज्ञ स्वतः भरतो. थांबलेली ऑर्डर हे लिहीपर्यंत तरी सुटलेली नाही. प्लँट मॅनेजरनी गेल्या महिन्यात पहिल्यांदा त्या तिसऱ्या ओळीचे मागचे आकडे मागवून घेतले.